ब्लाझेनाबाईंसाठी पाय वाजले नाहीत

फेब्रुवारी संपत आला की आमच्या मोराव्हियात आभाळ धड बर्फ टाकत नाही आणि धड पाऊसही पाडत नाही. त्या शनिवारी पहाटेपासून बारीक भुरभुर लागली होती आणि थेंब जमिनीला टेकला की त्याची काच होत होती. ब्लाझेना स्कोपालोवा उठली, चुलीतली राख बादलीत भरली आणि दारापासून फाटकापर्यंत पसरत गेली. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती.

"माझ्या पायरीवर पण टाका की मूठभर," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही कुठं जाताय बाहेर?" ब्लाझेना म्हणाली, आणि उरलेली राख परत घरात घेऊन गेली.

हे मला म्हातारीनंच सांगितलं. त्यात तिला फार वाईट वाटलंय असंही नाही. ब्लाझेनाबाईकडून गोड शब्द मिळाला असता तर म्हातारीनं डॉक्टर बोलावला असता.

मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि पत्त्या तासायला लागली. तिचं वाद्य इंग्लिश हॉर्न. नाव ऐकून पितळी भोंगा वाटेल, पण आहे लाकडाचं, सनईसारख्या ओबोची थोरली बहीण म्हणावी असं, दाट आवाजाचं, थोडं घोगरं. फुंकायच्या टोकाला वेळूची दुहेरी पत्ती असते आणि ती ज्याची त्यानं तासायची. केसभर जास्त तासली की गेली. अशी बिघडलेली पत्ती ब्लाझेना नुसती फेकत नसे, अंगठ्याच्या नखानं चिरडायची. पुन्हा वापरून बघायचा मोह नको, म्हणायची.

दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी, रविवारी सकाळी, आमचा वाद्यवृंद गावासाठी आवडत्या रचनांची मैफल करतो. त्यात नवं काही वाजवलेलं लोकांना खपत नाही. स्मेतानाची नदीवरची रचना पाहिजे, मोझार्टचं काहीतरी चुरचुरीत पाहिजे आणि शेवटी द्वोर्झाकची शेवटची सिंफनी पाहिजेच. तिच्या संथ भागात इंग्लिश हॉर्नची एकट्याची धून आहे. आमच्याकडे माणूस जाळायला नेतात तेव्हा बहुधा हीच धून लावतात, त्यामुळे ती सुरू झाली की सभागृहात रुमाल निघतात. ज्याची आई गेली तोही रडतो आणि ज्याची सासू गेली तोही. गेली पंचवीसेक वर्षं ही धून वाजवायची खुर्ची ब्लाझेनाची होती. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. खुर्ची होती.

मी ओताकार, वाद्यवृंदाचा कागदवाला. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचे त्याचे स्वरांचे कागद मांडायचे, मैफल झाली की गोळा करायचे, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या. मला एकही वाद्य येत नाही. आणि या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

आमच्यात एक रीत आहे. तालमीत कुणी एकट्यानं काही सुरेख वाजवलं तर बाकीचे टाळ्या वाजवत नाहीत, हात गुंतलेले असतात. बसल्या जागी बुटांचे तळवे मंचाच्या फळ्यांवर घासतात. साठ माणसांचे बूट एकदम घासले की गोठ्यात गुरं उठल्यासारखा आवाज होतो. बाहेरच्या लोकांना तो माहीत नसतो आणि वाजवणाऱ्याला त्याच्यापुढं सगळं सभागृह फिकं वाटतं. प्रेक्षक काय, तिकीट काढलंय म्हणून टाळी देतात. पाय फुकट हलत नाहीत.

म्हणूनच आमच्यात कुणाला खुर्चीवरून काढत नाहीत. नियमात तशी सोय आहे म्हणतात, मी ती वापरलेली बघितली नाही. पाय थांबतात. आणि माणूस आपणहून उठतो.

ब्लाझेनाच्या आधी त्या खुर्चीवर मेतोदेय झाप्लेताल बसायचे; हे माझ्या आधीचं, मला ऐकीव. खेडवळ माणूस, शेवटपर्यंत गावठी बोलत राहिले. ब्लाझेना तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला दुसऱ्या ओबोवर होती, तरणी, धारदार. एका हिवाळ्यात ती कँटीनमधल्या टेबलाटेबलावर जाऊन बसायला लागली. म्हाताऱ्याचा दम उतरलाय, गाव हसेल, कुणीतरी बोलायला हवं. पुढच्या तालमीत झाप्लेताल वाजवून थांबले आणि एकही बूट हलला नाही. दोन दिवसांनी त्यांनी आणि ब्लाझेनानं खुर्च्या बदलल्या होत्या. दोघंही मान खाली घालून पत्त्या ओल्या करत बसले होते, जणू जन्मापासून तसेच बसत आले.

आता ब्लाझेनाच्या उजव्या हाताला राडका बसते. ती ब्लाझेनाचीच शिष्या, लहानपणापासूनची. पहिल्याच दिवशी ब्लाझेनानं तिचे ओठ बघून सांगितलं होतं, "तोंड मिट. माशासारखं उघडं ठेवलंस तर मासेवालीकडं पाठवीन." पोरीनं कष्टानं तासून आणलेल्या पत्त्या ती तिच्यासमोर नखानं चिरडायची. एकदा राडकाची आई भांडायला आली तर तिला म्हणाली, "तुमच्या मुलीला बरं वाटावं म्हणून शिकवत नाही मी. वाजावं म्हणून शिकवते." आणि राडका वाजवायला लागली, हे मात्र खरं.

शुक्रवारी दुपारी राडका कँटीनमध्ये परातभर गोड पाव घेऊन आली. आलुबुखाराचा मुरंबा घातलेले, घरी भाजलेले. मी कोपऱ्यात कोबीचं सूप पीत होतो. कागदवाल्यासमोर लोक खुशाल बोलतात, भिंतीसमोर बोलावं तसं.

"उद्या पाय जरा जड ठेवा," ती पाव पुढं करत म्हणाली.

बासून नावाचं लांबलचक फुंकवाद्य वाजवणारा यारोमीर, जाडजूड माणूस, पाव हातात घेऊन थांबला. "पण बाई वाजवते चांगलं."

"मी कुठं वाईट म्हटलं? पण उठणार कधी? मी पन्नाशीला टेकल्यावर?"

"तसं पाप आहे हे, राडका."

"तुझी बायको गेली तेव्हा बाई तुला स्मशानाच्या दारात काय म्हणाली होती?"

यारोमीरनं पावाचा घास घेतला. "म्हणाली, माणूस गेला ते गेला, पण बाजावाले बेसूर होते."

"मग."

"होते खरं बेसूर," यारोमीर चावता चावता म्हणाला. "पण म्हणायचं का?"

ब्लाझेनाचं कुणाला ना कुणाला काही ना काही लागलेलं होतंच. राडकाला फार बोलावं लागलं नाही. तिनं फक्त परात फिरवली, आणि ज्याची त्याची जखम ज्यानं त्यानं काढली.

शनिवारची तालीम. छडी हलवून वृंद चालवणारा संचालक बाहेरगावचा तरणा मुलगा होता, त्याला राडकाच्या पावांचं काही ठाऊक नव्हतं. मी पडद्याआड कागदांची पिशवी घेऊन उभा. आणि मी सांगतो, त्या दिवशी ब्लाझेनानं जसं वाजवलं तसं मी तिच्याकडूनही कमी वेळा ऐकलंय. रडवायचा आव नाही, ओढून ताणणं नाही. संध्याकाळी कुणी अंगणात उभं राहून घरातल्यांना साधी हाक मारावी, तसं. शेवटचा स्वर कुठं संपला ते कळलंच नाही, नुसतीच शांतता राहिली.

ती शांतता तशीच राहिली.

संचालकानं मान वर केली. त्यालाही पायांची सवय, तो थांबून राहिला. कुणीतरी खोकलं. यारोमीर आपल्या बासूनमधून थुंकी झटकत बसला, झटकायला थुंकी नसताना. राडकानं कागदावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मी नंतर तो कागद खोडला, नुसती रेघ होती. संचालक म्हणाला, "पुढं जाऊ," आणि सगळे पुढं गेले.

ब्लाझेनाचा चेहरा हलला नाही. कान मात्र भाजल्यासारखे लाल झाले होते.

तालीम सुटली. मी कागद गोळा करत आलो तरी ती खुर्चीवरच होती.

"ओताकार, तुमचे कान शाबूत आहेत ना?"

"आहेत बाई."

"मग बोला."

"फार छान झालं. खरं सांगतो. इतक्या वर्षांत असं नव्हतं झालं."

"तुम्ही कागद वाटता."

"कागद वाटतो म्हणून ऐकू येत नाही असं नाही. आणि काल राडका पाव घेऊन सगळ्यांच्यात फिरली. पाय जड ठेवा म्हणाली. मी तिथं होतो."

मला वाटलं ती पेटेल. ती वाद्यातून पुसायचा रेशमाचा बोळा ओढत राहिली, हळूहळू, पुन्हा पुन्हा.

"फिरली असेल," ती म्हणाली. "मीही फिरले होते झाप्लेतालच्या वेळी. पाव नव्हते माझ्याकडं, सिगारेटी होत्या. पण पाय थांबले ते त्यामुळं नाही. त्याचं उतरलंच होतं. चांगल्या वाजवणाऱ्यापुढं पाय थांबत नसतात, ओताकार. ते आपोआप हलतात. पावानं बांधता येत नाहीत."

"पण आज बांधले."

"मग त्या वेळी मीही बांधले असं होईल."

ती कुठल्या खोड्यात सापडली आहे ते मला तेव्हा दिसलं. माझं खरं मानावं तर तिनं एका चांगल्या वाजवणाऱ्याची खुर्ची चोरली होती आणि आयुष्यभर चोरीच्या जागेवर बसली होती. झाप्लेताल खरंच उतरले होते असं धरावं तर पाय खरं बोलतात, आणि मग आज ते तिच्याबद्दलही खरंच बोलले. एक धरलं की दुसरं हातातून जात होतं.

"गाडी आणली आहे ना तुम्ही?" ती म्हणाली. "मला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात सोडा."

रस्ता काचेचा झालेला. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. एका वळणावर गाडी घसरली तेव्हा ती म्हणाली, "मारायचं तर नीट मारा."

झाप्लेताल खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसून रव्याची खीर खात होते. वर कोको भुरभुरलेला. दात नव्हते, हात थरथरत होते, डोळे मात्र कोंबड्यासारखे टक्क.

"कोन? ब्लाझेना व्हय? कुनाचं मयत झालं गं? माजं तर न्हाई झालं अजून."

तिनं कोट काढला नाही. "आज तालमीत पाय वाजले नाहीत."

म्हाताऱ्याचा चमचा थांबला. "कुनाचे?"

"कुणाचेच."

"डबलबासवाल्यांचे पन न्हाईत? ती मंडळी तर झोपंत बी पाय हलवत्यात."

"त्यांचेही नाहीत."

म्हातारा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खीर हनुवटीवर आली. नर्सबाई पुसायला धावली तर तिचा हात त्यानं बाजूला सारला. ब्लाझेना उभी राहून ते संपायची वाट बघत होती, पाऊस थांबायची वाट बघावी तशी.

"हसून झालं असेल तर एक सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही कसं वाजवलं होतं?"

"तू तितंच व्हतीस की. माज्या उजव्या हाताला. तुजं कान कुटं व्हतं?"

"मला उतरलंय असं वाटलं."

"वाटलं, का वाटून घेतलंस?"

म्हाताऱ्यानं खिरीचा एक चमचा सावकाश तोंडात घातला, गिळला.

"मला ठावं हाय कसं वाजलं त्ये," तो म्हणाला. "पक्कं ठावं हाय. पन तुला न्हाई सांगायचा."

"सांगितलंत तर तुमचं काय जाणार आहे?"

"माज्याकडं हितं हाय काय? दात न्हाईत. घर पोरानं इकलं. लघवीला बी दुसऱ्यानं न्यायचं. ह्ये येकच माजं सोताचं हाय. त्ये बी तुला देऊ व्हय?"

"मी हात जोडते, मेतोदेय."

"जोडलेलं दिसत न्हाईत."

तिनं हात जोडले. माझ्यादेखत, नर्सच्या देखत, हातमोजे घातलेले हात. म्हाताऱ्यानं ते नीट बघून घेतले, बाजारात कोंबडी बघावी तसे. मग खुर्चीचं चाक वळवून खिडकीकडं तोंड केलं.

"कागदवाल्या," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पुढल्या खेपंला खसखशीचा पाव आन. हितला लई वातड."

त्या म्हाताऱ्याला खरं ठाऊक होतं का, हेही मला सांगता येणार नाही. मी जाताना मागं वळून बघितलं तेव्हा त्याचं जेवण पुन्हा सुरू झालं होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं, थंडीत पोटात गरम गेल्यावर असतं तसं.

रविवारी सभागृह भरलं होतं. ओल्या कोटांचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. नदी वाहिली, मोझार्ट झाला, मध्यंतरात लोकांनी हॅम लावलेले पाव खाल्ले, मग सिंफनी. ब्लाझेनानं वाजवलं. रुमाल निघाले. संपल्यावर संचालकानं तिला एकटीला उभं केलं आणि टाळ्या इतक्या झाल्या की बाल्कनीतली धूळ उडाली. ती उभी होती ती फळ्यांकडं बघत. मैफलीत पाय वाजत नसतात, हे तिला माहीत होतं. तरी बघत होती.

नंतर दारापाशी लोकरी टोपीतली एक बाई तिचा हात धरायला पुढं आली. "माझ्या नवऱ्याला निरोप देताना हेच लावलं होतं हो. आज तुमचं ऐकलं आणि पुन्हा सगळं डोळ्यांपुढं आलं."

"मग त्यात माझं काय?" ब्लाझेना म्हणाली. "तुमचा नवरा मेला म्हणून रडताय तुम्ही. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला असता तरी तुम्ही रडला असतात."

बाईचा हात हवेत राहिला. ब्लाझेना आत कपडे बदलायच्या खोलीत गेली. सगळे तिथंच होते, पेट्या बंद करत. ती राडकासमोर उभी राहिली.

"उद्यापासून खुर्ची तू घे."

राडकाचं तोंड उघडलं. ती भांडणाच्या तयारीनं बसली असावी, महिनाभर पुरेल एवढ्या भांडणाच्या. "बाई, मला तसं काही..."

"तोंड मिट. अजून मासाच आहेस."

यारोमीर पेटीचा खटका लावत होता, तो लागेना. मी तिच्या मागोमाग बाहेर बोळात गेलो.

"बाई, असं का केलंत? तुमचं काही उतरलेलं नाही."

"उतरलंय."

"नाही."

"उतरलंय म्हटलं ना." तिनं मफलर गळ्याला आवळला. "म्हातारी झाले म्हणून उठले, हे मला चालतं. दुसरं काही मला चालायचं नाही. कळलं का? आता पुन्हा हा विषय नको."

मार्चमध्ये शाळेच्या मुलांसाठी मैफल लागली, त्यात पुन्हा तीच सिंफनी. तालमीला राडका इंग्लिश हॉर्नवर आणि ब्लाझेना उजवीकडं, दुसऱ्या ओबोवर. राडकानं सुरुवात चांगली केली. मग शेवटाकडं येताना तिचा श्वास कमी पडला, खालचा स्वर चिरकला आणि कसाबसा टोकाला पोचला. सोळा वर्षांच्या पोरालाही लाज वाटली असती.

आणि बूट गर्जले. तसे बूट मी कधी ऐकले नव्हते. यारोमीर तर जागेवर चालतोय की काय असं वाटावं. राडकाला बसवलं होतं ना सगळ्यांनी मिळून, मग आता ती चांगली ठरणं भागच होतं. संचालकानं कपाळाला आठी घातली, पण एवढे बूट खोटं कसं बोलतील, म्हणून तीही त्यानं पुसली.

ब्लाझेनाचेही पाय हलले. डावा, उजवा. सावकाश. सगळ्यांचे थांबल्यावरही तिचे दोनदा घासले.

मधल्या सुट्टीत राडका तिच्याकडं वळली. चेहरा पांढरा. "बाई, खरं सांगा. कसं झालं?"

"पाय वाजले ना?"

"वाजले, पण शेवटचा तो..."

"पाय वाजले. मग झालं."

"बाई, तुमच्याशिवाय मला खरं सांगणारं कुणी नाही इथं."

"नाहीच," ब्लाझेना म्हणाली, आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून घेतला. राडका तिच्याकडं बघत राहिली. तेव्हापासून ती दर वेळी वाजवून झालं की आधी यारोमीरकडं बघते, मग डबलबासवाल्यांकडं, मग त्यांच्या बुटांकडं. बूट दर वेळी वाजतात. तिला झोप लागत नाही असं तिची आई बाजारात सांगत होती.

त्याच आठवड्यात मी ब्लाझेनाकडं पुढच्या मैफलीचे दुसऱ्या ओबोचे कागद घेऊन गेलो. पुढचं दार उघडंच होतं. हाक मारली तर तळघरातून आवाज आला. मी जिना उतरलो. ती लाकडी पेटी उपडी घालून त्यावर बसली होती, अंगात जुना पुरुषी कोट, आणि हिवाळ्यापासून साठवलेल्या बटाट्यांचे मोड काढत होती. मोड बोटभर लांब, पांढरे, अंधारात वाढलेले.

"वर टेबलावर ठेवा कागद," ती म्हणाली.

"सोपं आहे या खेपेला. फारसं काही नाही तुम्हाला."

"बघीन."

मी उभाच राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "टेकडीवर गेलो होतो काल. खसखशीचा पाव दिला. म्हातारा विचारत होता तुमच्याबद्दल."

तिचा हात थांबला नाही. एक बटाटा उचलला, फिरवून बघितला, मऊ लागला तसा बाजूच्या बादलीत टाकला. दुसरा घेतला.

"दार ओढून घ्या जाताना," ती म्हणाली. "उजेड लागला की हिरवे पडतात."